लेंडीवरून ओळखायचा ससा

जानेवारी-फेब्रुवारीत ताजा बर्फ पडून एक-दोन दिवस उलटले, की अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, न्यू इंग्लंड भागात, न्यू हॅम्पशायर, मेन, ऱ्होड आयलंड या राज्यांतली वन्यजीव खात्याची माणसं काटेरी झुडपांच्या जाळीत ओणवी होऊन शिरतात आणि सशाच्या लेंड्या वेचतात. वाटाण्याएवढी कोरडी लेंडी उचलायची, नळीत टाकायची, नळीवर जागा आणि तारीख लिहायची, नळी प्रयोगशाळेत धाडायची. लेंडीच्या अंगाला सशाच्या आतड्यातल्या काही पेशी चिकटलेल्या असतात आणि थंडीत त्या लवकर नासत नाहीत. त्यांतून डीएनए काढला की ससा कोणता ते कळतं. जाळीतून एखादा ससा टुणकन उडी मारून समोरून गेला, तरी या मंडळींना त्याचा फारसा उपयोग नसतो. नुसतं पाहून तो कोणता हे खात्रीनं सांगताच येत नाही.

कारण तिथे दिसायला सारखे असे दोन ससे आहेत. एक न्यू इंग्लंड कॉटनटेल, मूळचा तिथलाच. दुसरा ईस्टर्न कॉटनटेल, नाव पूर्वेचं असलं तरी तिथे माणसांनी आणून सोडलेला. दोघेही करड्या-तपकिरी रंगाचे, दोघांच्याही शेपटीखाली पांढरा झुपका, वजनही जवळपास सारखंच, किलो-सव्वा किलोच्या आसपास. जाणकार सांगतात, की न्यू इंग्लंडवाल्याचे कान जरा आखूड, कानाच्या पुढच्या कडेला काळी किनार आणि दोन्ही कानांच्या मधे काळसर ठिपका. ईस्टर्नच्या कपाळावर पांढरा टिळा असतो. पण तो साधारण निम्म्याच सशांना, त्यामुळे टिळा नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. कवटी पाहिली तर नाकाची हाडं कपाळाच्या हाडाला जिथे जुळतात तो सांधा एकाचा दातेरी, दुसऱ्याचा सरळ. मात्र त्यासाठी ससा मेलेला हवा. गुणसूत्रं मोजली तर फरक ठसठशीत: एकाची ५२, दुसऱ्याची ४२. बॉस्टनच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी घरांच्या मागच्या हिरवळीवर संध्याकाळी जो ससा निवांत चरताना दिसतो आणि ज्याचे फोटो पुण्याला आजी-आजोबांकडे जातात, तो जवळजवळ नेहमीच ईस्टर्न. दुसरा हिरवळीवर येतच नाही.

दोन सारख्या जनावरांची तुलना करून त्यातलं एक ओळखणं हा भारतीय तत्त्वज्ञानाचा जुना विषय आहे. न्यायदर्शनाच्या विचारवंतांनी, म्हणजे नैयायिकांनी, ज्ञानाची चार साधनं मानली, त्यांतलं तिसरं उपमान, आणि त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे गाय आणि गवय, म्हणजे गवा. गवा कधी न पाहिलेल्या गावकऱ्याला रानातला माणूस सांगतो, की गवय गाईसारखा असतो. पुढे रानात तसा प्राणी दिसला, की गावकऱ्याला उमगतं: हाच तो. हे उदाहरण चालतं, कारण गाय आणि गवा पुरेसे सारखे आहेत आणि पुरेसे वेगळेही. न्यू हॅम्पशायरच्या रानातल्या माणसानं ‘तो ससा या सशासारखा असतो’ असं सांगितलं तर वाक्य शंभर टक्के खरं, आणि ओळखण्याच्या कामी शून्य. न्यायमतात जात ओळखायची खूण म्हणजे आकृती, म्हणजे अवयवांची ठेवण. गाईच्या गळ्याखालची पोळी दिसली की गाय. इथे आकृतीनं हात टेकले आहेत.

मग साधा माणूस विचारेल तो प्रश्न रास्तच आहे. जे डोळ्यांना एकच दिसतं त्याला दोन का म्हणायचं? आणि एक नाहीसा होत असेल, त्याच्या जागी हुबेहूब तसाच दुसरा बागडत असेल, तर गेलं काय?

आधी घडलं काय ते पाहू. १८९५ मध्ये औट्रम बँग्ज नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या प्राणिशास्त्रज्ञानं या स्थानिक सशाचं शास्त्रीय वर्णन छापलं, तेसुद्धा स्वतंत्र प्रजाती म्हणून नव्हे, उपप्रजाती म्हणून. त्या काळात न्यू इंग्लंडची शेतं ओस पडत होती. दगडाळ जमिनीशी झगडून थकलेले शेतकरी पश्चिमेकडे किंवा गिरण्यांकडे गेले आणि सोडलेल्या शेतांवर झुडपं माजली. सशाला हवं होतं तेच. पण झुडपांचा पुढे वृक्ष होतो, वृक्षांचं रान होतं, रानाच्या सावलीत खालची दाट जाळी मरते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जाळ्या आटू लागल्या; जिथे रान आलं नाही तिथे रस्ते आणि घरं आली. तोवर शिकारी मंडळींनी आणि काही राज्यांच्या शिकार खात्यांनी आपल्या परीनं भर घातली होती. शिकारीला ससे कमी पडतात म्हणून मिझुरी, कॅन्ससकडून ईस्टर्न ससे पिंजऱ्यांत भरून आणले आणि सोडले. एका हिशेबाप्रमाणे १९२४ ते १९४१ या काळात दोन लाखांहून अधिक. कोणी वाईट हेतूनं केलं नाही. दोन्ही ससेच तर होते.

२००६ मध्ये न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी ईशान्येकडची शेकडो जाळीवनं पिंजून काढल्यावर जो आकडा पुढे आला तो असा: १९६० च्या मानानं न्यू इंग्लंड कॉटनटेलचा मुलूख ८६ टक्क्यांनी आक्रसला होता. व्हरमाँटमधून तो पुसला गेला होता. मेन आणि न्यू हॅम्पशायर या दोन्ही राज्यांनी त्याला पुढे संकटग्रस्त जाहीर केलं.

आणि याच विद्यापीठातल्या जॉन लिटव्हेटिस यांच्या चमूनं या दोन सशांमधला जो फरक दाखवला आहे, तो रंग-रूपाच्या सगळ्या खुणांपेक्षा मोलाचा आहे. त्यांनी दोन्ही प्रकारच्या सशांचे डोळे मोजले. ईस्टर्नच्या डोळ्याचा उघडा भाग मोठा निघाला. मग सशांच्या दिशेनं खोटं घुबड सोडून पाहिलं, तर ईस्टर्नला ते जास्त अंतरावरून कळत होतं. एवढ्याशा फरकावर पुढचं सगळं आयुष्य बेतलेलं आहे. लांबून घुबड दिसतं म्हणून ईस्टर्न जाळी सोडून उघड्यावर चरायला जाऊ शकतो, हिरवळीवर, रस्त्याकडेला, मक्याच्या शेतात. दुसरा आडोसा सोडायला धजत नाही. जाळी मोठी असेल तोवर हा भित्रेपणा शहाणपणा ठरतो. पण जाळीचा तुकडा अडीच हेक्टरांहून लहान झाला, की आतलं खाणं हिवाळ्याच्या मध्यावरच संपतं, आणि मग उपासमार तरी किंवा उघड्यावर जाऊन कोल्ह्याच्या तोंडी पडणं तरी. १९९३ च्या एका अभ्यासात अशा छोट्या तुकड्यांवरचे ससे हडकुळे आढळले, बहुतेक नर होते, आणि हिवाळा निभावणाऱ्यांचं प्रमाण मोठ्या जाळ्यांतल्या सशांच्या निम्म्याच्या आसपास होतं.

म्हणजे माणसाच्या डोळ्याला जे दोन ससे एक वाटतात, ते घुबडाच्या लेखी दोन आहेत. फरक कातडीवर शोधत बसलो म्हणून सापडत नव्हता. तो ससा आणि जाळी यांच्या नात्यात होता. न्यायवैशेषिकांनी जातीला प्रत्येक व्यक्तीच्या ठायी वसलेलं एक नित्य तत्त्व मानलं. या सशाची जात मात्र सशाच्या आत जितकी आहे तितकीच त्याच्या भोवतालच्या काट्यांत आहे. जाळी तोडली की ससा जिवंत राहूनही अर्धा गेलेला असतो.

नित्य तत्त्वावर बौद्धांचा मुळातच विश्वास नव्हता. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांच्या मते ‘गोत्व’ नावाची वस्तू जगात कुठेही नाही. जगात आहेत त्या एकेक गाई, एकीसारखी दुसरी नाही. ‘गाय’ म्हणताना आपण फक्त गाय नसलेलं सगळं बाजूला सारतो. लेंड्या तपासणाऱ्या प्रयोगशाळेतलं काम पाहिलं तर बौद्धांना आनंदच झाला असता. हा हिवाळ्यात पांढरा होणारा स्नोशू ससा नव्हे, हा ईस्टर्न नव्हे, उरला तो न्यू इंग्लंड. सगळं वगळण्यावर चालतं.

आणि वगळून उरलेलं तरी ठाम आहे का? बँग्जच्या उपप्रजातीला पुढे प्रजातीची बढती मिळाली. जवळजवळ शतकभर न्यू इंग्लंडपासून खाली ॲपलाचियन पर्वतरांगेपर्यंतचे ससे एकाच नावाखाली नांदले. १९९२ मध्ये जोसेफ चॅपमन आणि सहकाऱ्यांनी ती प्रजाती दुभंगली: हडसन नदीच्या पूर्वेकडचे ते न्यू इंग्लंड कॉटनटेल, पश्चिमेचे आणि दक्षिणेचे ते ॲपलाचियन कॉटनटेल. मुख्य आधार गुणसूत्रांचा, इकडे ५२ आणि तिकडे ४६. पाचच वर्षांनी मायटोकाँड्रियाच्या डीएनएचा अभ्यास झाला, त्यात ही फाळणी तशी स्पष्ट दिसली नाही. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये घालून दिलेली कसोटी सर्वांना ठाऊक आहे: निसर्गात ज्यांचा आपापसांत संकर होऊन वंश चालतो ते एका प्रजातीचे. या कसोटीवर न्यू इंग्लंड आणि ईस्टर्न हे दोघे वेगळे ठरतात. शेजारी राहूनही त्यांच्या संकराचा माग डीएनएत सापडला नाही. पण हडसनच्या दोन तीरांवरचे ससे एकमेकांना भेटतच नाहीत. भेटले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न सशांना विचारायची सोय नाही. आणि गंमत अशी, की एका बाजूला वेगळं नाव मिळाल्यामुळेच न्यू इंग्लंडचा ससा एकदम दुर्मिळ झाला. एकही ससा मेला नाही. नदीवर रेघ ओढली गेली, इतकंच.

असंच एक जास्त गाजलेलं प्रकरण टेनेसीतलं. स्नेल डार्टर नावाच्या बोटभर माशासाठी १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं टेलिको धरणाचं काम थांबवलं; पुढे संसदेनं वेगळी तरतूद करून धरण पूर्ण करवलं तो भाग निराळा. जानेवारी २०२५ मध्ये येल विद्यापीठाच्या थॉमस निअर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तो मासा वेगळी प्रजाती नव्हताच; आधीपासून नाव असलेल्या दुसऱ्या एका डार्टरचीच ती एक वस्ती होती. 

तेव्हा प्रजाती म्हणजे शशशृंगच म्हणायचं काय? मुळात नसलेल्या गोष्टीसाठी आपल्या तर्कशास्त्रानं जी दोन-तीन उदाहरणं पिढ्यान्‌पिढ्या वापरली त्यांत वांझेच्या मुलाबरोबर सशाचं शिंग असतंच. इथे एक आडवळण घेण्याचा मोह आवरत नाही: अमेरिकेत सशांना शिंगं येतात. १९३३ मध्ये रिचर्ड शोप यांनी आयोवा-कॅन्ससकडच्या कॉटनटेल सशांच्या डोक्यावर उगवणाऱ्या काळ्या, टणक, शिंगासारख्या वाढींचा अभ्यास केला आणि त्या विषाणूमुळे होतात हे सिद्ध केलं. ट्यूमर आणि विषाणू यांच्या संशोधनात ते काम पायाभूत ठरलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या अशाच सशांचे फोटो जगभर फिरले. शिंग खरं नसतं, चामखिळीचा प्रकार असतो, हे नैयायिकांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. तरी शिंगाच्या बाबतीत ससा पूर्वीइतका भरवशाचा राहिला नाही हेही खरं.

प्रजाती शशशृंग नाही, पण नैयायिकांची नित्य जातही नाही. डार्विननं १८५९ मध्येच बजावलं होतं, की प्रजाती आणि वाण यांच्यातली रेघ बरीचशी सोयीची असते. घोळ होतो तो या हलत्या रेघेवर नीतीचा सगळा भार टाकल्यामुळे. संकटग्रस्त प्रजातींविषयीचा १९७३ चा अमेरिकी कायदा हुशारीनं लिहिलेला आहे. त्यात ‘प्रजाती’ या व्याख्येतच उपप्रजाती आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या वेगळ्या पडलेल्या वस्त्याही धरल्या आहेत. म्हणूनच फ्लॉरिडाच्या टोकावरच्या बेटांतला एक दलदली ससा, निव्वळ उपप्रजाती असूनही, १९९० पासून कायद्याच्या छायेत आहे. त्याच्या शास्त्रीय नावात ‘प्लेबॉय’चे ह्यू हेफ्नर आहेत, कारण त्याच्या अभ्यासाला त्यांच्या कंपनीनं पैसा दिला होता.

पण आपण संरक्षण कुणाला देतो आहोत, हा याहून अवघड प्रश्न. आपल्याकडच्या सशांच्या कथा आठवाव्यात. जैनांच्या ‘ज्ञाताधर्मकथे’त मेघकुमाराच्या पूर्वजन्माची गोष्ट आहे. वणव्यात सगळे प्राणी एका मोकळ्या जागेत दाटीवाटीनं जमलेले, हत्ती अंग खाजवायला पाय उचलतो, तेवढ्यात रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसतो. तो चिरडू नये म्हणून हत्ती अडीच दिवस पाय अधांतरी धरून उभा राहतो आणि शेवटी कोसळून मरतो. बौद्धांच्या शशजातकातला ससा अतिथीच्या जेवणासाठी आगीत उडी घेतो, आणि उडी घेण्याआधी अंग तीनदा झटकतो, केसांतले किडे आपल्याबरोबर मरू नयेत म्हणून. या दोन्ही कथांमध्ये करुणा एकेका जिवापाशी जाते. हत्तीनं पायाखालचा ससा दुर्मिळ आहे का हे विचारलं नाही. विचारलं असतं तर ती करुणा राहिली नसती.

पाश्चात्त्य प्राणिहक्कवादी याच बाजूचे. पीटर सिंगर यांच्या मते दुःख होतं ते जिवाला. प्रजातीला ना भूक, ना भीती. टॉम रीगन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात, समूहाच्या भल्यासाठी एकेका प्राण्याचा बळी मान्य करणाऱ्या विचाराला थेट फॅसिझमच्या पंक्तीला बसवलं. समोर उभे आहेत अल्डो लिओपोल्ड, स्वतः शिकारी आणि वनाधिकारी. त्यांच्या १९४९ च्या पुस्तकातल्या भूमिनीतीत माती, पाणी, झाडं, प्राणी मिळून जो समुदाय होतो त्याचं भलं पाहायचं. एखादा ससा कोल्ह्यानं खाल्ला तर तो व्यवहाराचा भाग.

न्यू इंग्लंडमध्ये या वादाला हाडामांसाचं रूप आलं आहे. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या रॉजर विल्यम्स पार्क प्राणिसंग्रहालयात २०१० नंतर या सशांची पैदास सुरू झाली, पुढे न्यूयॉर्कचं क्वीन्स प्राणिसंग्रहालय सामील झालं. तिथे वाढलेले ससे २०१२ पासून नॅरगॅन्सेट उपसागरातल्या पेशन्स बेटावर सोडले गेले. ते तिथे वाढले, आणि तिथले पकडून मुख्य भूमीवरच्या जाळ्यांत नेले गेले. गळ्यात रेडिओ-पट्टा घातलेला, पिंजऱ्यात आयतं खाऊन वाढलेला ससा न्यू हॅम्पशायरमधल्या डोव्हरजवळच्या बेलमी नदीकाठी मोकळा होतो तेव्हा त्याच्या वाट्याला काय येतं, हे सोडणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. रानातले बहुतेक कॉटनटेल वर्षभरही जगत नाहीत. कोल्हा, कायोटी, घुबड, ससाणे, सगळे टपलेले. एकेका सशाच्या हिशेबानं पिंजराच बरा होता. हत्तीच्या नीतीनं पाहिलं तर हा कार्यक्रम समर्थनीय नाही, आणि तसं मान्य करण्यात कमीपणा नाही.

तरीही तो करावा, आणि त्याचं कारण ‘ती वेगळी प्रजाती आहे’ या विधानात शोधू नये. ते विधान उद्या एखाद्या नव्या डीएनए-अभ्यासानं डळमळू शकतं. कारण साधं आहे: ही जाळी आणि तिच्यात लपून जगण्याची ही रीत माणसानं मोडली. शेतं सोडून नकळत वाढवली, मग रस्ते घालून चिरली, आणि वर दोन लाख पाहुणे आणून बसवले. हे देणं आहे, आणि देणं वर्गीकरणाच्या तक्त्यावर अवलंबून नसतं. टेनेसीच्या माशाचं नाव बदललं म्हणून बुडालेली नदी वर आली नाही. करुणा जिवाची आणि जबाबदारी रानाची, या दोन गोष्टी एकाच तत्त्वात बसवायचा अट्टहास तत्त्वज्ञांनी केला, तिथेच रीगन आणि लिओपोल्ड यांची जुंपली. माणसाला दोन्ही एकाच वेळी लागू असू शकतात, आणि त्या कधीकधी एकमेकींच्या आड येतात.

आड येतात त्याचा अनुभव मेन, कनेक्टिकटमधल्या जमीनमालकांना येतो. या सशाला वाचवायचं म्हणजे झाडं तोडायची. ओक-मेपलचं उंच, सावलीचं रान करवतीनं आडवं करायचं, म्हणजे उजेड खाली पोचतो आणि चार-सहा वर्षांत ब्लॅकबेरी, ऑल्डर, पॉपलरचे कोंब यांची दाटी होते. सरकारच्या मृद-जलसंधारण विभागानं २०१२ पासून याला अनुदान दिलं. शेजारी संतापतात. झाडं तोडून निसर्ग वाचवतात हे कुणाला पटणार? शिवाय तोडून भागत नाही. वीस-पंचवीस वर्षांत रान पुन्हा उंच होतं, तेव्हा दुसरीकडे तोडायचं. हे काम संपणारं नाही. यावर कडी म्हणजे, उरलेल्या बऱ्याच जाळ्या परदेशातून आलेल्या काटेरी गुलाबाच्या आणि जपानी दारुहळदीच्या आहेत. त्या उपटाव्यात असं एक खातं सांगतं, आणि ससा नेमका त्यातच लपलेला असतो.

सप्टेंबर २०१५ मध्ये, वन्यजीव आणि सरकारी जमिनी ज्याच्या अखत्यारीत येतात त्या अमेरिकेच्या अंतर्गत खात्याच्या तेव्हाच्या मंत्री सॅली ज्यूएल यांनी डोव्हरला येऊन जाहीर केलं, की राज्यं, जमीनमालक आणि संस्थांचं काम पाहता या सशाला संकटग्रस्त प्रजातींच्या केंद्रीय यादीत घालण्याची गरज उरलेली नाही. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींना ती घाई वाटली. राज्यांच्या वन्यजीव खात्यांच्या तिजोरीत या कामासाठी जो पैसा येतो त्याचा मोठा भाग १९३७ च्या एका कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवर बसवलेल्या करातून जमतो, म्हणजे बराचसा शिकाऱ्यांच्याच खिशातून. मेनमध्ये मात्र कॉटनटेलच्या शिकारीला बंदी आहे. नाहीतरी बंदूक रोखलेल्या माणसाला समोरचा ससा कोणता हे कळणार नाही.